हळदी-कुंकवात आपल्या कामाची ओळख करून द्यावी का? (घर आवरून देण्याचा व्यवसाय, जालना)

कुंडलिकाकाठ | २६ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी जालन्याची. गेल्या आखाडापासून लोकांची घरं आवरून, लावून द्यायचं काम सुरू केलंय. यात झाडू-फरशी येत नाही. कपाट, मांडणी, दिवाणाच्या पोटातलं सामान, माळा, सगळं बाहेर काढायचं. घरच्या बाईला शेजारी बसवून काय ठेवायचं नि काय काढायचं ते तिच्याच तोंडून ठरवून घ्यायचं. मग राहिलेल्या वस्तूंना तिच्या हाताला सोयीच्या जागा लावून द्यायच्या. आधी ११ वर्षं एका बियाणे कंपनीच्या गोदामात होते. पोत्यावर लॉट नंबर, तारीख, आधी आलेला माल आधी बाहेर, हे तिथं अंगात मुरलं. घरातल्या डाळी-साळींनाही तेच लागू पडतं.

आजवर ७ घरं झाली, त्यातली ५ नात्यातली. पेपरात घालून १,००० पत्रकं वाटली, फोन आले ३. तिघींनाही धुणं-भांड्याला बाई हवी होती.

आता संक्रांत तोंडावर आहे. तिथून रथसप्तमीपर्यंत आमच्या कॉलनीत रोज कुणाकडं तरी हळदी-कुंकू असतं. पन्नास-पन्नास बायका भेटतात. मीही करणार आहे. तर तिथं कामाची ओळख करून द्यावी का? वाणासोबत कार्ड द्यावं का? सासूबाई म्हणतात, लक्ष्मी म्हणून बायका घरी बोलवायच्या आणि त्यांच्यापुढं दुकान मांडायचं, हे बरं दिसत नाही. मिस्टर म्हणतात भिशीत बोल. माझी खरी अडचण निराळीच आहे. 'घर आवरून देते' असं म्हटलं की समोरच्या बाईला 'तुझं घर पसरलेलं आहे' असंच ऐकू येतं. तोंड उघडायचं कसं?

हुरडा_आणि_चटणी | रात्री ९:५८

चांगला धागा. वाचतोय. आमच्या दिवाणात काय आहे हे २०१२ पासून कुणालाच माहीत नाही.

मांजरा | रात्री १०:२०

ताई, लातूरहून लिहितेय. आधी नावाचं बघा. 'होम ऑर्गनायझर' म्हणालात तर निम्म्या जणींना कळणार नाही आणि उरलेल्यांना ते पुण्या-मुंबईचं महागडं काम वाटेल. आपल्याकडं याला शब्द आहे की! दसरा काढणं. घट बसायच्या आधी आपल्या आया काय करायच्या? घरातलं एकूण एक भांडं अंगणात, गोधड्या-वाकळा नदीवर नाहीतर विहिरीवर, कोठीतलं धान्य उन्हात, डबे घासून पालथे, जाळ्या-जळमटं खाली, भिंतींना पोतारा. आठ-आठ दिवस चालायचं आणि भावकीतल्या चार बायका हाताला असायच्या. आता त्या चार बायकाच राहिल्या नाहीत. सुना नोकरीला, जावा पुण्यात. तुम्ही त्या चौथ्या बाईची जागा घेताय, असंच सांगा. 'दसरा काढून देते' म्हटलं तर कुणाला अपमान वाटणार नाही, कारण दसरा सगळ्यांच्याच घरात काढावा लागतो.

बालाघाट | रात्री १०:३१

मांजरा, +१. दसरा काढायला माणूस मिळत नाही हे आमच्या घरातलं दरवर्षीचं भांडण आहे.

सिडको_एन९ | रात्री ११:०५

छत्रपती संभाजीनगरहून. मी १४ वर्षं विम्याचा एजंट होतो म्हणून अनुभवाचं सांगतो. वहिनी, समारंभात विकू नका. मीही सुरुवातीला बारसं, मुंज, वास्तुशांती, सगळीकडं पिशवीत फॉर्म घेऊन जायचो. दोन वर्षांत अशी वेळ आली की मी पंगतीत बसलो की शेजारचा पाणी आणायला उठायचा आणि परत यायचा नाही. बायकोलाही लोक बोलवायचे कमी झाले. ते तिला फार लागलं होतं.

मग एका जुन्या एजंट काकांनी सांगितलं, समारंभात फक्त काम कर. वाढायला उभा राहा, खुर्च्या उचल, म्हाताऱ्यांना गाडीत बसवून दे. तू काय करतोस ते लोकांना माहीत आहे, गरज पडली की तेच विचारतील. तसं केलं. नंतरचे बहुतेक ग्राहक मला पंगत उठल्यावर मिळाले.

चैत्रगौर | २७ डिसेंबर, सकाळी ७:१५

मला सासूबाईंचं म्हणणं पटतं. वर्षातून पंधरा-वीस दिवस बायका हक्कानं एकमेकींच्या घरी जातात, हळद-कुंकू, अत्तर, गुलाबपाणी, सुगडाचं वाण. कुणी काही मागत नाही. ही एक जागा तरी विक्रीवाचून राहू द्या. गेल्या वर्षी आमच्याकडं एका घरी हळदी-कुंकवाला बोलावलं आणि दीड तास एका पावडरीचं भाषण ऐकवलं. उठून येता येईना, कारण तिळगूळ हातात पडायचा होता. तेव्हापासून त्या घरी जायला नको वाटतं.

डबाबाटली | सकाळी ८:४०

चैत्रगौर, पावडरीबद्दल तुमच्याशी सहमत. पण बायकांच्या बैठकीत विक्री करणं मुळातच वाईट, असं मला वाटत नाही. टपरवेअरचं उदाहरण घ्या. अमेरिकेत ते डबे दुकानात पडून राहायचे, कारण झाकण दाबून हवा कशी काढायची ते कुणी दाखवत नव्हतं. मग ब्राउनी वाईज नावाच्या बाईनं घरोघर बैठका घेऊन डबे विकून दाखवले. १९५१ मध्ये कंपनीनं माल दुकानांतून काढून घेतला आणि फक्त घरगुती बैठकांतूनच विकायचं ठरवलं. भारतात हे डबे १९९६ मध्ये आले आणि आपल्याकडच्या भिश्यांतही पोचले. माझ्या आईनं त्यावर स्वतःची स्कूटी घेतली होती.

पण ताईंच्या कामात एक अडचण आहे. डबा हातात घेऊन बघता येतो, झाकण लावून बघता येतं. आवरलेलं कपाट बैठकीत कसं नेणार? ते दाखवायचं तर कुणाच्या तरी घरातच.

कुंडलिकाकाठ | सकाळी ११:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. मांजरा ताई, 'दसरा काढून देते' हे मी कालच वहीत लिहून ठेवलं. सिडकोदादा, पंगतीचं वाचून पोटात कालवलं, माझंही तसं व्हायला नको.

डबाबाटली, तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलंत. दाखवायचं कसं, हाच पेच आहे. मी झालेल्या घरांचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढलेत. ते मोबाईलवर दाखवावेत असं मनात आहे.

बिंदुसरा | दुपारी १२:१०

फोटो अजिबात दाखवू नका!

थांबा, सविस्तर लिहिते. बीडला आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी अशाच एका बाईंनी माझ्या जावेचं स्वयंपाकघर लावून दिलं. काम सुंदर केलं. नंतर त्या बाईंनी दुसऱ्या एका भिशीत फोटो दाखवले. नाव सांगितलं नाही, चेहरा नव्हता. पण ओट्यामागच्या टाईल्सवर मोराचं चित्र आहे आणि तशा टाईल्स गावात एकाच घरी आहेत. भिशीतल्या एकीनं ओळखलं. आठवड्याच्या आत ते जावेच्या माहेरी पोचलं. तिची वहिनी फोनवर म्हणाली, 'घर आवरायला बाई लावावी लागते म्हणे तुम्हाला.' माझी जाऊ शाळेत शिकवते, सासऱ्यांचं डायलिसिस सांभाळते. त्या एका वाक्यानं ती तीन दिवस जेवली नाही.

गाव लहान असतं ताई. आपल्याकडं माणूस टाईल्सवरून, पडद्यावरून, पितळी डब्याच्या पोच्यावरून घर ओळखतो. दाखवायचं असेल तर स्वतःचं घर दाखवा.

पोटमाळा | दुपारी १२:२५

बिंदुसरा, वाचून वाईट वाटलं. जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा.

कुंडलिकाकाठ | दुपारी १२:४०

फोटो पुसून टाकले. आत्ताच. सातही घरांचे.

सिडको_एन९ | दुपारी १:१५

शाब्बास वहिनी. आता एक व्यवहाराचंही सांगतो. उद्यम नोंदणी करून घ्या, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढं गेली की जीएसटी लागतो, त्यामुळं ती चिंता आत्ता नको. दर काय ठेवलाय?

कुंडलिकाकाठ | दुपारी १:५०

स्वयंपाकघराचे २,५००, दोन दिवस. एक कपाट ६००. नात्यातल्यांनी अजून दिले नाहीत.

बालाघाट | दुपारी २:०५

नात्यातले संक्रांतीला तीळ देतील.

भुईमुगाच्या_शेंगा | दुपारी ३:३०

थोडं विषयांतर. पण आवरायचं काय, हेही बोलू या का? आमच्याकडच्या घरातला पसारा मुख्यतः आहेराचा असतो. मी परवा मोजलं, आईच्या कपाटात ६४ ब्लाउज पीस, २२ टॉवेल, १७ टोप्या आणि अंगाला लागणार नाहीत अशा ३१ साड्या. त्यातल्या निम्म्यांवर आत चिठ्ठी खोचलेली, 'सेलूच्या मावशीकडून', 'गंगाखेडच्या लग्नात'. म्हणजे परत त्याच घरी आहेर म्हणून जाऊ नये! हिशेब ठेवायची ही पद्धत मला फार आवडते, पण कपाट बंद होत नाही.

मांजरा | दुपारी ३:४२

आणि बोहारणीला साड्या दिल्या की ती पातेलं देते. कपाटातला पसारा मांडणीवर जातो, घरातून काही जात नाही.

हुरडा_आणि_चटणी | दुपारी ३:५०

मांजरा ताई, 😂. आमच्याकडं अशी ९ पातेली आहेत, एकाचंही झाकण नाही.

पोटमाळा | दुपारी ४:३०

आमच्याकडं पाण्याची भांडी. नळ आठवड्यानं येतो. २०० लिटरचे दोन ड्रम, एक हौद, चार घागरी, आणि 'कधी लागेल सांगता येत नाही' म्हणून नऊ रिकामे कॅन. बाहेरगावच्या पाहुण्याला तो पसारा दिसतो, आम्हाला ती आठ दिवसांची आंघोळ दिसते. लातूरकरांना जास्त सांगायला नको, २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. त्या वर्षी घेतलेली पिंपं आजही लोकांच्या गच्चीवर आहेत आणि ती काढ म्हणायची माझी हिंमत नाही.

मांजरा | दुपारी ४:४५

आमच्या गच्चीवर तीन आहेत. पाणी भरपूर असलं तरी ती काढणार नाही. तेव्हा रात्री दोनला टँकरपुढं रांग लावलीय.

औसा_रोड | संध्याकाळी ७:२०

पोटमाळा यांचं वाचून लिहावंसं वाटलं. माझं आजोळ औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. दगडामातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. आजी वाचली. मोठा मामा गेला.

नंतर पुनर्वसनाच्या गावात आजीला घर मिळालं. तिनं आयुष्यभर डोक्याच्या उंचीच्या वर काही ठेवलं नाही. फळी नाही, माळा नाही, भिंतीवर घड्याळसुद्धा नाही. सगळं खाली, भिंतीला लावून. दाराशी एक बोचकं कायम बांधलेलं, त्यात दोन लुगडी, तांब्या आणि कागदपत्रं. एकदा नात्यातली एक सून सुट्टीला आली आणि प्रेमानंच, दिवसभर राबून तिनं ते सगळं वर फळ्यांवर रचून ठेवलं. घर देखणं दिसत होतं. त्या रात्री आजी ओसरीवर झोपली. कुणाला काही बोलली नाही, सकाळी एकेक वस्तू परत खाली घेतली. तेव्हा तिचं वय ७६ होतं.

ताई, तुम्ही घरात शिरल्यावर 'ही वस्तू इथं का आहे' हे विचारता का? विचारत असाल तर मी माझ्या चार नातेवाइकांना तुमचा नंबर देईन.

कुंडलिकाकाठ | रात्री ९:३०

औसा रोड दादा, आजपर्यंत 'ही कितीदा वापरता' असं विचारत होते. यापुढं तुम्ही सांगितलेलं विचारीन. तुमच्या आजीला नमस्कार.

पूर्णाकाठ | २८ डिसेंबर, रात्री १२:५०

दोन दिवस वाचतेय, आता लिहिते.

आई परभणीत एकटी असते, मी नोकरीनं पुण्याला. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचं कपाट आईनं अजून उघडलेलं नाही. त्यात त्यांचे शर्ट, कचेरीतल्या फायली, दाढीचं सामान, आणि एक लोखंडी ट्रंक. मी गेले की म्हणते, आई, आपण दोघी मिळून काढू. ती म्हणते, पुढच्या वेळी. माझ्यासमोर तिला रडायचं नसतं आणि तिच्यासमोर मला, त्यामुळं ते तसंच राहतं.

इथं सगळे हळदी-कुंकवात काम कसं मिळवायचं ते बोलताहेत. माझ्या आईला हळदी-कुंकवाचं बोलावणंच येत नाही. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ती संक्रांतीच्या महिन्यात रोज दोन घरी जायची. आता ती त्या दिवसांत पाचच्या आत दार लावून घेते, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना अवघड वाटू नये. २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्यावर शासनानं परिपत्रकही काढलं. मला आनंद झाला होता. आमच्या गल्लीत मात्र काही हललं नाही.

घर आवरायला परकं पण मायेचं माणूस कुणाला लागत असेल तर ते अशा घरांना लागतं. ती घरं तुम्हाला हळदी-कुंकवात भेटणार नाहीत. राग म्हणून लिहिलं नाही. तुमचं काम मला चांगलं वाटलं म्हणून लिहिलं.

बिंदुसरा | सकाळी ६:४०

पूर्णाकाठ, आईंना माझ्याकडून नमस्कार. माझी आई पण.

चैत्रगौर | सकाळी ८:१०

मी वर लिहिलं होतं की ही एक जागा विक्रीवाचून राहू द्या. पूर्णाकाठ यांचं वाचल्यावर वाटतंय की ज्या जागेची मी इतकी काळजी करत होते तिचं दारच सगळ्यांना उघडं नाही. माझ्या सख्ख्या नणंदेला मी दोन वर्षं बोलावलं नाही. तिला वाईट वाटेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. यंदा जाऊन बोलावीन.

कुंडलिकाकाठ | सकाळी १०:२०

रात्री पूर्णाकाठ ताईंचं वाचलं आणि झोप लागली नाही. सकाळी सासूबाईंना मोबाईल हातात देऊन वाचायला लावलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. त्यांच्या दोन जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत, दोघींचेही यजमान नाहीत. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'हळदी-कुंकू करू नको. तिळगूळ कर. सगळ्यांना बोलाव. त्या दोघी येणार असतील तर तुझं काय दुकान मांडायचं ते मांड, मी बसते गल्ल्यावर.'

तर आमचं ठरलं. रविवारी दुपारी, तिळगूळ. भाषण नाही, कार्ड नाही, फोटो नाहीत. वाण काय द्यावं एवढं सुचवा.

भुईमुगाच्या_शेंगा | सकाळी १०:३५

प्लास्टिकचं काही देऊ नका. मागच्या संक्रांतीच्या ११ गाळण्या घरात आहेत.

डबाबाटली | सकाळी ११:००

डब्यांवर चिकटवायच्या कोऱ्या पट्ट्या आणि एक पेन्सिल. घरी जाऊन बाई पहिल्या डब्यावर 'तूरडाळ, मार्च' असं लिहील तेव्हा तुमचं काम तिच्या हातानं सुरू झालेलं असेल. पट्ट्यांच्या मागच्या कागदावर तुमचा नंबर.

मांजरा | सकाळी ११:१५

आणि ते घालायला कागदी पाकीट नको, आहेराच्या ब्लाउज पीसच्या पिशव्या शिवा. घरातले संपतील.

सिडको_एन९ | सकाळी ११:४०

एकच सांगतो. निघताना दारापर्यंत प्रत्येकीला स्वतः सोडायला जा. जे विचारायचं ते माणूस दारात विचारतं.

*(मध्ये तीन आठवडे धाग्यावर नवीन प्रतिसाद नाहीत.)*

हुरडा_आणि_चटणी | १९ जानेवारी, रात्री ८:००

ताई, काय झालं तिळगुळाचं? आम्ही वाट बघतोय. तिळगूळ घ्या, गोड बोला सगळ्यांना.

कुंडलिकाकाठ | २० जानेवारी, रात्री १०:१५

उशीर झाला, माफ करा. शिवणयंत्रावर बसूनच दिवस गेले. ४५ पिशव्या शिवल्या. सासूबाईंचे, माझे आणि शेजारच्या काकूंचे मिळून सगळे ब्लाउज पीस संपले, कपाटाचा एक अख्खा कप्पा मोकळा झाला. पट्ट्या, पेन्सिल आणि नाडी धरून एका पिशवीला १४ रुपये पडले.

३८ बायका आल्या. सासूबाईंच्या मैत्रिणी साडेतीनलाच येऊन बसल्या, सगळ्यांच्या आधी. त्यातल्या एकीनं तिळगूळ वाटायचं ताट स्वतःकडं मागून घेतलं. मी दिलं. कुणीही काही म्हटलं नाही. दोघीजणी आल्या-आल्या निघून गेल्या, त्यांचं त्यांच्यापाशी.

दाखवायचं म्हणून मी एवढंच केलं होतं. स्वयंपाकघराच्या मांडणीवर पट्ट्या लावलेले डबे, आणि बैठकीतल्या दिवाणाचं झाकण उघडं. अर्धं आवरलेलं, अर्धं मुद्दाम तसंच. गोधड्या, पाहुण्यांच्या चादरी, महालक्ष्म्यांचं सामान, सगळं एकत्र. एक काकू चहा पिता पिता वाकून बघायला लागल्या आणि म्हणाल्या, 'मुखवटे गोधडीत कशाला गुंडाळता, नाकाचा रंग उडतो, मलमलच्या फडक्यात ठेवा.' त्यावर दुसरी म्हणाली, मी भाद्रपदात उतरवले की भुशात ठेवते. झालं, सातआठजणी दिवाणाभोवती बसल्या. कुणी चादरींच्या घड्या घालायला लागलं, कुणी येसराचे आणि खारोड्यांचे डबे वेगळे काढले. खारोड्यांना पावसाळ्यात दमट वास येतो त्यावर पाऊण तास चर्चा झाली. मी फक्त विचारत होते, हे तुमच्याकडं कुठं असतं? आणि बायका सांगत होत्या. आपल्या घरातली अडचण त्या दिवाणातल्या सामानाच्या निमित्तानं सांगत होत्या. दिवाण त्यांनीच आवरला. मला एवढं शिकायला मिळालं त्या दिवशी, गोदामात ११ वर्षांत मिळालं नव्हतं.

कामाबद्दल एकीनंही विचारलं नाही. एकीनंही. संध्याकाळी मी जरा खचले होते.

सिडकोदादा, मग तुमचं खरं झालं, फक्त दाराच्याही थोडं पलीकडं. साडेसातला एक वहिनी परत आल्या, म्हणाल्या चप्पल बदलून गेली. चप्पल त्यांचीच होती. दारात उभं राहून हळू आवाजात म्हणाल्या, माळ्यावर सासऱ्यांचं वैद्यकीचं सामान आहे, बाटल्या, खल, ते कुणाला सांगता येत नाही, तुम्ही याल का? दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला दुसरीचा फोन. गच्चीवरून बोलत होत्या, खाली सगळे झोपलेत म्हणून. तिसरीनं मिस्टरांना पाठवलं, ते दुकानाच्या रजिस्टरचं विचारत विचारत शेवटी बेडरूमच्या कपाटावर आले. चौथीनं मेसेजमध्ये फक्त 'पट्ट्या संपल्या' असं लिहिलं. मी लिहिलं, आणून देऊ का? तर म्हणाल्या, हो, आणि थोडा वेळ काढून या.

चार कामं मिळाली. चौघीही एकटीनं, कुणी नसताना बोलल्या. आता मला कळलं की ३८ जणींसमोर विचारायची सोयच नसते, मी कितीही गोड बोलले असते तरी. चौघींकडं मी साधी पिशवी घेऊन जातेय, पाहुणी जाते तशी. गाडीवर नाव रंगवायचा विचार होता, तो सोडला.

बिंदुसरा | रात्री १०:३०

गाडीवर नाव नाही, हे वाचून जाऊबाई म्हणाल्या की त्या तुम्हाला बीडला बोलावतील.

चैत्रगौर | रात्री १०:५०

नणंद आली होती. हिरव्या काठाची साडी नेसून. एवढंच सांगायचं होतं.

भुईमुगाच्या_शेंगा | रात्री ११:०५

ताई, ब्लाउज पीस अजून लागले तर सांगा. ६४ आहेत.

औसा_रोड | २१ जानेवारी, सकाळी ७:३०

नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा. औशाची दोन घरं आहेत, एक निलंग्याचं. घाई नाही, फेब्रुवारीत ज्वारी काढून झाली की. तेव्हाच कणग्या रिकाम्या असतात.

पूर्णाकाठ | २१ जानेवारी, रात्री ११:४०

आईला धागा वाचून दाखवला, फोनवर. माझी पोस्ट गाळून. दिवाणाच्या जागी ती हसली. नंतर म्हणाली, त्या बाई परभणीला येतात का विचार.

कुंडलिकाकाठ | २२ जानेवारी, सकाळी ६:१०

येते. जालना-परभणी रेल्वेनं सोपं आहे, सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळी परत. पहिल्या दिवशी कपाट उघडणार नाही, नुसती बसेन. त्यांना हवं असेल तर स्वयंपाकघरापासून सुरू करू. बुधवार चालेल का? आणि ट्रंकेची किल्ली आहे का, तेवढं विचारून ठेवा, नसेल तर कुलूप तोडायचं नाही.

पूर्णाकाठ | सकाळी ६:२५

बुधवार चालेल. किल्ली तिच्या मंगळसूत्राच्या डबीत आहे, हे मला आजच कळलं. जेवायला थांबा म्हणतेय. भाकरी की पोळी विचारलंय.

कुंडलिकाकाठ | सकाळी ६:३०

भाकरी.